भल्लूनानांची जांभई

एका जंगलात, बाळांनो, राजा नव्हता. हे जंगल डोंगराच्या पार वरच्या अंगाला होतं. सिंहाला थंडी सोसत नाही, म्हणून तो तिथवर कधी चढलाच नाही. मग तिथल्या जनावरांनी पंचायत नेमली आणि याकोजीरावांना सरपंच केलं. याक म्हणजे केसाळ बैल. याकोजीरावांच्या कपाळावरचे केस इतके लांब होते की त्यांना समोरचं काही दिसायचं नाही. बघणाऱ्याला मात्र वाटायचं, केवढा विचार करताहेत. सरपंच व्हायला तेवढं पुरलं.

हिवाळ्यात तिथे बर्फ पडायचा. आधी तो नुसताच पडायचा. कोणी त्याला नावं ठेवली नाहीत आणि कोणी त्याचं कौतुकही केलं नाही.

मग एकदा खालच्या जंगलातली एक नीलगाय वाट चुकून वर आली. देवदाराच्या सालीवर तिचा पाय पडला आणि ती जी घसरली ती थेट ओढ्यापर्यंत. सगळ्यांना वाटलं, गेली. ती उठली, अंग झटकलं आणि म्हणाली, "पुन्हा."

झालं. तिने खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात खालची जनावरं कुटुंबं घेऊन वर आली. पायाला सालीच्या फळ्या बांधायच्या आणि उतारावरून सुसाट खाली यायचं. मग धापा टाकत परत वर चढायचं. कशासाठी? तर पुन्हा खाली यायला. याला खालच्या जंगलात सुट्टी म्हणतात.

पाहुणे येताना ऊस आणायचे, रताळी आणायचे, केळी आणायचे. वरच्या जनावरांनी जन्मभर देवदाराचे काटे चावलेले. त्यांना केळ्याची चव लागली. एकदा केळं खाल्लं की परत काटे कोण चावतो? तुम्ही चावाल? नाही ना. मग त्यांना हसू नका. साळूमावशी नावाच्या साळिंदरीने आपली गुहा पाहुण्यांना राहायला दिली आणि स्वतः दारात झोपू लागली. पाहुणे रात्री आपले ओले मफलर तिच्या काट्यांवर वाळत घालायचे. मावशी चिडायची, पण सकाळी रताळं मिळालं की विसरायची.

त्याच जंगलात दोन रानबकरे राहायचे. मोठा बिरू, धाकटा धुळा. दोघेच भाऊ, घरात तिसरं कोणी नव्हतं. बिरू रेघवाला होता. रेघवाला म्हणजे काय, ते सांगतो. ताज्या बर्फावरून पाहुण्याने कधी पहिलं उतरायचं नाही, अशी तिथली रीत. आधी रेघवाला एकटा उतरायचा. त्याच्या फळ्यांनी बर्फावर रेघ उमटायची. खाली पोचला की तो हाक द्यायचा, आणि मग बाकीच्यांनी त्या रेघेवरून यायचं. बर्फाखाली खड्डा असेल, दगड असेल, आणखी काही असेल, तर ते रेघवाल्याला आधी कळावं म्हणून ही रीत. बिरूची रेघ अशी सुंदर यायची की पाहुणे ती मोडायला नको म्हणायचे. मग मोडायचे.

धुळाला वाटायचं, जगात दादासारखं कोणी नाही. धाकट्यांना असं वाटतंच. आणि ते बरोबर असतं.

आता अंदाजाची गोष्ट.

खालून वर यायचं म्हणजे तयारी लागते. पिल्लांची शाळा बुडवायची, सासूला शेजारी ठेवायचं, बिळाच्या तोंडाला दगड लावायचा. एवढं करून वर पोचलं आणि बर्फच नसला तर? म्हणून पाहुणे म्हणू लागले की बर्फ कधी पडणार ते आधी सांगा, तरच येतो.

पंचायतीने हे काम डोंगरकावळीला दिलं. ती रोज सकाळी उंच उडायची, ढग बघायची, वारा हुंगायची आणि येऊन सांगायची की उद्यापर्यंत बघू. पाहुण्यांनी तक्रार केली की 'बघू' ऐकून गाठोडं कसं बांधायचं? एकदा तर कावळीने सरळच सांगितलं की या पंधरवड्यात बर्फ नाही. आणि बर्फ पडला नाही. पाहुणे आले नाहीत, उसाचं एक कांडं वर आलं नाही. पंचायत बसली. खूप विचार झाला. कावळीने नाही म्हटलं म्हणून बर्फ पडला नाही, असं ठरलं आणि कावळीला काढून टाकलं.

मग याकोजीरावांनी भल्लूनानांचं नाव सुचवलं. भल्लूनाना म्हणजे जंगलातलं सगळ्यात मोठं अस्वल. स्वभावाने लोण्याचा गोळा.

याकोजीराव म्हणाले, "नानांनी आजवर बर्फाचा कणही पाहिलेला नाही. बर्फ पडायच्या आधी ते झोपतात, वितळल्यावर उठतात. बर्फाशी त्यांची दोस्ती नाही, दुश्मनी नाही. इतका निःपक्षपाती माणूस आपल्याला मिळायचा नाही."

अस्वलाला माणूस म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

नाना घाबरले. "पण मला त्यातलं काही कळत नाही हो."

"म्हणूनच तर," याकोजीराव म्हणाले.

शिवाय नानांचा आणखी एक फायदा होता. अंदाज सांगून ते झोपून जाणार. चुकला तरी जाब विचारायला कोणी त्यांना उठवणार नाही. झोपलेल्या अस्वलाला उठवायची हिंमत कोणाची? आणि ते आपणहून उठतील तोवर केळी येऊन, खाऊन, पचून गेलेली असतील.

तेव्हापासून जांभईचा सोहळा सुरू झाला. पानं गळायला लागली की नाना पोटभर मध खायचे, रानपेरू खायचे, कंद खायचे आणि गुहेच्या तोंडाशी येऊन बसायचे. डोळे पेंगलेले. समोर सगळं जंगल जमलेलं. याकोजीराव एकेका महिन्याचं नाव घ्यायचे आणि नाना एकेक जांभई द्यायचे. साधी जांभई आली तर त्या महिन्यातला बर्फ 'छान'. जबडा खटकन वाजला तर 'फार छान'. डोळ्यांतून पाणी आलं तर 'अतिशय छान'. एवढे तीनच शब्द होते. चौथा कोणाला लागलाच नाही.

आणि जांभईचं तुम्हाला माहीतच आहे. एकाने दिली की सगळ्यांना येते. आत्तासुद्धा एक-दोघांना आलेली दिसतेय. नानांनी तोंड उघडलं की समोरचं सगळं जंगल जांभया द्यायचं. याकोजीराव म्हणायचे, "सर्वानुमते मंजूर." मग हुप्प्या वानर या झाडावरून त्या झाडावर ओरडत खालपर्यंत जायचा, आणि खालची जनावरं गाठोडी बांधायला घ्यायची.

एका वर्षी 'फार छान' सांगितलेला बर्फ मुळीच पडला नाही. उताराला नुसतं वाळकं गवत. याकोजीरावांनी पाहुण्यांना समजावलं की बर्फ अंदाजाप्रमाणे पडलेला आहे, फक्त तो अजून खाली पोचलेला नाही. पाहुणे बिचारे वाळक्या गवतावरून घसरले, ढोपरं फोडून घेतली आणि घरी जाऊन म्हणाले की बर्फ छान होता. एवढ्या लांब जाऊन, सासूला शेजारी ठेवून, बर्फ नव्हता असं कोण सांगेल?

तर असा हा अंदाज कधी चुकला नाही.

मग ते वर्ष आलं.

त्या वर्षी मध खूप झाला होता. नानांचं पोट नगाऱ्यासारखं वाजत होतं. याकोजीरावांनी माघाचं नाव घेतलं आणि नानांनी जी जांभई दिली ती संपेचना. एक चिमणी आत जाऊन बाहेर आली. नानांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. सगळं जंगल माना वर करून जांभया देत राहिलं. अतिशय छान. असा माघ कधी झाला नव्हता. हुप्प्याचा ओरडून ओरडून घसा बसला.

आणि गंमत बघा, माघात खरोखरच बर्फ पडला. पडला तो पडतच राहिला. खालून कळपच्या कळप आले. डुकरांच्या टोळीतली गोदाक्का आपली सगळी पिल्लं घेऊन आली. गोदाक्का बोलायला फटकळ. आल्या आल्या तिने साळूमावशीच्या गुहेला वास येतो म्हणून सांगितलं. मावशी म्हणाली की तुम्ही यायच्या आधी नव्हता.

एका सकाळी आभाळ मोकळं झालं. ऊन पडलं. पाहुणे फळ्या बांधून उताराच्या डोक्यावर उभे राहिले.

बिरू पुढे गेला. त्याने वर पाहिलं. उताराच्या वरच्या कड्याला बर्फाचा मोठा छज्जा लोंबत होता. त्याने खूर आपटून पाहिला. ताज्या बर्फाखालून पोकळ आवाज आला. पुन्हा आपटला. पुन्हा तसाच. तो मागे फिरला आणि याकोजीरावांकडे गेला. धुळा त्याच्या मागे.

"आज नको," बिरू म्हणाला. "वरचा बर्फ कधीही खाली येईल."

याकोजीरावांनी केसांतून त्याच्याकडे पाहिल्यासारखं केलं. "मग पाहुण्यांना काय सांगू?"

"धोका आहे म्हणून सांगा."

"अरे, पण तसा शब्द नाही आपल्याकडे. छान आहे, फार छान आहे, अतिशय छान आहे. यातला कुठला सांगू ते बोल."

"यातला कुठलाच नाही."

"मग बाबा, तुला जे दिसतंय ते अंदाजात बसत नाही," याकोजीराव समजुतीने म्हणाले. "अंदाज बदलायचा तर नानांनीच बदलायला पाहिजे. आणि नाना तर झोपलेत."

धुळाने हे ऐकलं आणि तो पळत सुटला. त्याला विचार करायची सवय नव्हती. त्याला एवढंच कळलं की नानांनी बदलायला पाहिजे आणि नाना झोपलेत. म्हणजे नानांना उठवायचं. सोपं आहे. दादाचं काम अडलंय, मग अस्वल असो नाहीतर आणखी कोणी.

तो गुहेत शिरला. नानांच्या पोटावर चढला. कानात ओरडला. काही नाही. मग त्याने नानांचा कान दातात धरला आणि सगळा जोर लावून ओढला.

नाना हलले. धुळाने कान सोडला आणि म्हणाला, "नाना, उठा. दादा म्हणतोय बर्फ धोक्याचा आहे."

नानांनी डोळे न उघडता तोंड उघडलं आणि एक मोठी जांभई दिली. डोळ्यांतून पाणी आलं. मग ते कूस बदलून परत झोपले.

धुळाचा आरडाओरडा ऐकून गुहेच्या तोंडाशी काही पाहुणे गोळा झाले होते. त्यांनी ती जांभई पाहिली. त्यांनाही जांभया आल्या. बातमी उतारापर्यंत धुळाच्या आधी पोचली. भर माघात नानांनी जागं होऊन पुन्हा सांगितलं. अतिशय छान. असं कधीच घडलं नव्हतं. आता पाहुण्यांना धीर धरवेना. गोदाक्काची पिल्लं ढकलाढकली करत अगदी पुढे आली होती.

धुळा रडकुंडीला येऊन बिरूसमोर उभा राहिला. काय केलं ते त्याने सांगितलं. बिरूने आधी डोळे मोठे केले आणि मग तो हसायलाच लागला.

"नानांचा कान ओढलास? दातांनी?"

"हं."

"खुळ्या," बिरू म्हणाला, आणि कपाळाने त्याच्या कपाळाला हलकेच ढुशी दिली.

मग त्याने पिल्लांकडे पाहिलं. एकाच्या फळ्या सुटल्या होत्या, ते नाक मुरडून आईची वाट बघत होतं. दुसरं उताराच्या काठावर आलं होतं. बिरूने सगळ्यांना मागे सारलं. रेघ झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही, असं बजावलं. गोदाक्का म्हणाली की मग ओढ की रेघ, उभा काय राहिलास, सकाळ चालली.

"तू इथे थांब," बिरू धुळाला म्हणाला. "माझी हाक आल्याशिवाय एकालाही सोडू नको."

"दादा, तू नको जाऊ."

"मी गेलो नाही तर ही जातील."

तो गेला.

आवाज फार मोठा नव्हता, बाळांनो. ओली गोधडी झटकावी तसा. उताराच्या मध्यापर्यंत रेघ होती. तिच्यापुढे काही नव्हतं.

धुळा हाकेची वाट बघत तिथेच उभा राहिला. दोन्ही पाय फाकवून, पिल्लांच्या पुढे. हाक आली नाही. गोदाक्काने मागून विचारलं, "झाली का रे रेघ?"

मग तो खाली पळाला आणि खुरांनी बर्फ उकरायला लागला. सगळ्यांना हाका मारल्या. पंचायत काठावर येऊन उभी राहिली. उकरायला जायचं की नाही, यावर चर्चा झाली. कोणी म्हणालं की बर्फ अतिशय छान आहे, तर त्याच्याखाली जे असेल तेही बरंच असणार. कोणी म्हणालं की नानांना विचारून घेऊ.

साळूमावशी कोणाला न विचारता उतरली. तिने अंगावरचे लांब लांब काटे उपटले आणि ती एकेक काटा बर्फात खोल खुपसू लागली. कुठे टोकाला काही लागतंय का, ते बघत. तिची पाठ बोडकी झाली. काट्यांना काही लागलं नाही. बर्फ काट्यांपेक्षा खोल होता.

पाहुणे दुसऱ्या दिवशी शेजारच्या उतारावर गेले. घरी गेल्यावर त्यांनी सांगितलं की बर्फ अतिशय छान होता.

नंतर पंचायत बसली. अंदाज चुकला का, हा विषय होता. याकोजीरावांनी विचारलं, बर्फ पडला की नाही? पडला. भरपूर पडला की नाही? भरपूर पडला. म्हणजे अंदाज बरोबर. मग चुकलं कोण? बिरू चुकला. त्याने अंदाजावर शंका घेतली. मन लावून गेला असता तर बर्फालाही बरं वाटलं असतं. पुढे पंचायतीने उदार होऊन असंही ठरवलं की त्या उताराला बिरूचं नाव द्यावं. पाहुण्यांना असं काही असलं की आवडतं.

वसंत आला. बर्फ वितळला. बिरू सापडला.

ते मी सांगणार नाही. पुढे चला.

भल्लूनाना उठले. बाहेर आले, अंग खाजवलं, फुलं हुंगली. सगळ्यांना विचारलं की हिवाळा कसा गेला. सगळे म्हणाले, छान. मग त्यांना धुळा दिसला. तो दगडावर बसून कशाकडेच बघत नव्हता.

"माझा एक कान दुखतोय रे," नाना म्हणाले. "झोपेत कोणीतरी ओढल्यासारखा."

"मी ओढला."

"का बरं?"

धुळाने सगळं सांगितलं. मध्ये थांबला नाही, रडला नाही. नानांनी ऐकून घेतलं.

"बर्फ म्हणजे असतं तरी काय?" त्यांनी विचारलं.

दरीच्या सावलीत एके ठिकाणी थोडा बर्फ उरला होता. धुळा त्यांना तिथे घेऊन गेला. नानांनी त्यावर पंजा ठेवला. मग दुसरा ठेवला.

"गार आहे," नाना म्हणाले.

"हो."

"आणि जड आहे."

"हो."

"यात छान काय आहे?"

नाना तिथेच बसले. पंजे बधिर झाले तरी उठले नाहीत.

पानं गळायला लागली. सोहळ्याला जंगल जमलं. याकोजीरावांनी महिन्याचं नाव घेतलं. नानांनी दोन्ही पंजांनी तोंड दाबून धरलं. जांभई गालात फिरली, नाकात गेली, कानातून बाहेर येईल की काय असं वाटलं. नानांनी ती गिळली.

"मी या वर्षी झोपणार नाही," ते म्हणाले. "जागून बघतो बर्फ कसा पडतो ते. बघितलं की सांगतो."

जंगलात कुजबुज झाली. हे तर कावळीसारखंच झालं. याकोजीरावांनी खेदाने जाहीर केलं की नानांनी आता बर्फ पाहिलेला आहे, त्यामुळे त्यांचं मन पहिल्यासारखं निर्मळ राहिलेलं नाही. त्यांना मोकळं करण्यात आलं.

नाना मोकळे झाले, मग अंदाज कोणी सांगायचा? पंचायतीने गुहेशेजारचा एक मोठा दगड निवडला. दगड बारा महिने झोपलेला असतो, त्याला कोणाची ओळख नाही, आणि तो मधही मागत नाही. सगळे दगडासमोर बसले. महिन्याचं नाव घेतलं. दगडाने काही केलं नाही. पण त्याच्याकडे बघत बसून बसून सगळ्यांना आपोआप जांभया आल्या. याकोजीरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अतिशय छान. सर्वानुमते मंजूर.

रेघवाल्याची जागा रिकामी होती. पंचायतीने धुळाला विचारलं. तुमच्या घराण्याचा मान आहे, म्हणाले. धुळा लगेच हो म्हणाला. साळूमावशीला राग आला. तिने विचारलं की तुला अक्कल आहे का. तो म्हणाला की रेघ माझी असली तर ती कधी ओढायची ते मी ठरवीन.

माघ आला. बर्फ पडला. नाना जागे होते. अस्वलाला हिवाळ्यात जागं राहणं किती जड जातं ते तुम्हाला कळणार नाही. ते चालता चालता झोपायचे आणि झाडाला धडकून जागे व्हायचे. रोज धुळाबरोबर उतारावर जायचे. धुळा खूर आपटायचा, नाना कान लावायचे.

एका सकाळी आभाळ मोकळं झालं. पाहुणे फळ्या बांधून उभे राहिले. गोदाक्काही आली होती, पिल्लांसकट. धुळाने खूर आपटला. नानांनी कान लावला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आज रेघ नाही," धुळा म्हणाला.

पाहुण्यांचा विश्वास बसेना. दगडाने अतिशय छान सांगितलंय, ते काय उगाच? गोदाक्का म्हणाली की तुझ्या भावाच्या नावाच्या उतारावर तूच आडवा येतोस, लाज नाही वाटत? पिल्लं पुढे सरकू लागली. धुळा एकटा, त्याला कोण अडवू देतंय.

उताराच्या डोक्याशी दोन खडकांच्या मधून अरुंद वाट होती. तिथूनच खाली जावं लागायचं. नाना शांतपणे त्या वाटेवर गेले, आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. वाट या कडेपासून त्या कडेपर्यंत बंद झाली.

सगळे थबकले. झोपलेल्या अस्वलाला उठवायची हिंमत कोणाची?

याकोजीराव पुढे आले. त्यांनी केस बाजूला केले आणि जन्मात पहिल्यांदा समोर नीट पाहिलं. "नाना, तुम्ही झोपलात का?"

"हो," नाना म्हणाले.

याकोजीराव पंचायतीकडे वळले. "झोपलेत," ते म्हणाले.

मग दिवसभर सगळे उभे राहिले. धुळा नानांच्या पाठीला टेकून बसला आणि वरच्या बर्फाकडे बघत राहिला. बर्फ जिथल्या तिथे होता. दुपार झाली, ऊन कललं, पण बर्फाचा एक गोळासुद्धा खाली आला नाही. त्या दिवशी काहीच झालं नाही, बाळांनो. काही म्हणजे काहीच नाही.

याकोजीरावांनी जाहीर केलं की अंदाज बरोबर होता, बर्फ अतिशय छान होता आणि या दोघांनी सगळ्यांची सहल वाया घालवली. रेघवाल्याचा मान धुळाकडून काढून घ्यायचा की नाही, ते पुढच्या सभेत ठरणार होतं. पाहुण्यांनी फळ्या सोडल्या आणि ते खाली निघाले. गोदाक्का सगळ्यांत मागे होती. ती धुळाला शिव्या देत होती, नानांना शिव्या देत होती आणि मध्येच थांबून एकेका पिल्लाला नावाने हाक मारत होती. प्रत्येक नावाला ओ येत होती.

धुळाने मान वर केली नाही. शेवटची ओ ऐकू येईपर्यंत तो ऐकत राहिला.

तात्पर्य : बाळांनो, बर्फाचा अंदाज नेहमी झोपलेल्यालाच विचारावा. जागा असलेला उगाच वर डोंगराकडे बघतो, त्याला कोणीतरी आठवतं आणि तुमची सहल बुडते.